जुन्या शेडचं वाचनालय

तळवड्याच्या चौकात तो ट्रेलर अडकला नसता तर विजयश्री त्या दिवशी चाकणला वेळेवर पोहोचली असती, आणि अजिंक्य तिला पहिल्यांदा दिसला असता तो टेबलापलीकडे, इस्त्रीच्या शर्टात.

पण ट्रेलर अडकला. लांबलचक लोखंडी गर्डर घेऊन तो वळणावर आला आणि पुढेही जाईना, मागेही येईना. श्रावण चालू होता. मघापर्यंत लख्ख ऊन होतं, आणि बघता बघता सर आली. दुचाकीवाले आडोसा शोधत पांगले. विजयश्रीला मात्र हलता येईना, कारण तिची स्कूटर नेमकी ट्रेलरच्या तोंडाशी होती. पायाशी ठेवलेल्या पिशवीवर तिने आपली ओढणी गुंडाळली आणि स्वतः भिजत उभी राहिली.

ट्रेलरच्या बाजूने पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण धावत आला. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला खुणा. तिच्यापाशी येऊन त्याने स्कूटर जरा मागे घ्यायला सांगितलं. मागे टेम्पो उभा आहे, घेऊ कुठे, असं तिने विचारलं. त्याने मान वाकडी करून पाहिलं. टेम्पो खरंच होता. मग त्याची नजर त्या गुंडाळलेल्या पिशवीवर गेली.

"आत बाळ आहे का?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"मशीन आहे. लोखंडाच्या पोटात काय दडलंय ते बघणारं."

त्याने छत्री उघडली आणि पिशवीवर धरली. तिच्यावर नाही... नीट पिशवीवरच. "मग हिला आधी जपायला पाहिजे," तो म्हणाला, "तुम्ही काय, वाळाल."

तिला खरं तर राग यायला हवा होता. पण एका हाताने पिशवीवर छत्री धरून आणि दुसऱ्या हाताने ट्रेलर वळवत हा माणूस स्वतः ओलाचिंब होत होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. ती हसली. ट्रेलर वळला, गाड्या सुटल्या, तो पळत जाऊन केबिनमध्ये चढला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी चाकणला, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या यार्डात तोच ट्रेलर फाटकाच्या आत उभा होता. यार्डाचे मालक दादासाहेब तिला घेऊन पुढे आले आणि म्हणाले, या विद्यापीठाने नेमलेल्या तपासणीच्या मॅडम, आणि हे आमचे इंजिनिअर, अजिंक्य. अजिंक्यच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि विचारलं, "दोघी सुखरूप पोहोचलात ना?"

दादासाहेबांनी घेतलेलं काम मोठं होतं. चिंचवडच्या कडेला असलेल्या त्या विद्यापीठाला जागा पुरेनाशी झाली होती. शेजारी पंप बनवणारी एक जुनी कंपनी बंद पडली, तेव्हा विद्यापीठाने तिची जागा घेतली. आधी ठरलं होतं की कंपनीची भली मोठी शेड तोडून भंगारात घालायची आणि तिथे काँक्रीटच्या इमारती बांधायच्या. अजिंक्यने ती शेड आतून फिरून पाहिली आणि दादासाहेबांच्या मागे लागला. हे लोखंड अजून कितीतरी वर्षं उभं राहील, त्याचं म्हणणं होतं. बोल्ट खोलू, साफ करू, तपासून घेऊ, आणि याच लोखंडाचा सांगाडा वर्गांना आणि वाचनालयाला वापरू. कमी पडेल तेवढंच नवीन आणू. दादासाहेब आणि विद्यापीठ, दोघांनाही पटवता पटवता त्याच्या चपला झिजल्या होत्या.

एवढा हट्ट कशासाठी, हे तिने एकदा सहज विचारलं. तो पुनावळ्याचा. घरची शेती होती, तिथे आता टॉवर उभे होते, आणि उन्हाळा आला की त्याच टॉवरांना पाणी द्यायला टँकरची रांग लागे. काँक्रीट उभं करताना पाणी पितं, त्याने सांगितलं, आणि नको झालं की फोडावंच लागतं. त्याचा राडारोडा पुन्हा कुणाच्या तरी रानात जाऊन पडतो. आमच्या रानात पडलेला मी पाहिलाय. लोखंडाचं तसं नाही. नको झालं की खोला, दुसरीकडे जोडा. "आमची जमीन तर परत यायची नाही," तो म्हणाला. "निदान मी जे बांधीन ते कुणाला तरी खोलून नेता यावं."

विजयश्रीने आपली गोष्ट त्याला लगेच सांगितली नाही. तिचे वडील, उद्धवराव, धाराशिवकडून इथे कंपनीत कामाला आले, आणि दापोडीत रेल्वेलगतच्या गल्लीत एका खोलीत त्यांचा संसार झाला. डिप्लोमाला असताना तिला घरी अभ्यासाला जागा नव्हती. एक दिवस ती धीर करून या विद्यापीठाच्या वाचनालयात शिरली. ती इथली विद्यार्थिनी नव्हती, कुणीही हटकलं असतं तर उठावं लागलं असतं. वाचनालय सांभाळणाऱ्या इंदुताईंनी तिला हटकलंही. कुठलं पुस्तक वाचतेस म्हणून विचारलं, वही उघडून पाहिली, आणि कोपऱ्यातली एक खुर्ची दाखवली. परीक्षेच्या दिवसांत मुलं जागेसाठी ताटकळत उभी असत, तेव्हा इंदुताई स्वतःचं स्टूल तिला देत आणि आपण कपाटाला टेकून उभ्या राहत. ओळखपत्र त्यांनी कधीच मागितलं नाही. त्या खुर्चीवर बसून विजयश्री इंजिनिअर झाली, तळवड्यातल्या एका तपासणी लॅबमध्ये लागली, आणि आता त्याच वाचनालयाच्या नव्या इमारतीचं लोखंड तपासायला आली होती. हे काम आलं त्या दिवशी तिने देवापुढे दिवा लावताना इंदुताईंचं नाव घेतलं होतं.

तिचा एक नियम होता. ज्याचं काम तपासायचं, त्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही. ती आपली बाटली आणि डबा घेऊन यायची. अजिंक्यला हे कळलं तेव्हा तो चहाचा कप घेऊन मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला उभा राहू लागला.

"घ्या म्हणत नाहीये," तो म्हणायचा. "वास तरी चालतो का नियमात?"

"चालतो. फक्त रिपोर्टमध्ये लिहावा लागेल."

असे दिवस जात होते. ती जोडावर जेल लावायची, त्यावरून मशीनचा प्रोब फिरवायची, आणि पडद्यावरच्या रेषा बघत बसायची. तो जवळच कुठेतरी काहीतरी मोजत असायचा... जे आधीच मोजून झालेलं असायचं. कधी नजर वर गेली की त्याची नजर तिथेच असायची, आणि मग दोघंही घाईघाईने लोखंडाकडे बघायचे.

भाद्रपदातल्या एका पावसाळी संध्याकाळी दोघं यार्डातल्या पत्र्याखाली अडकले. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की जवळ सरकल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. तो जवळ सरकला.

"विजयश्री—" मॅडम म्हणायचं तो पहिल्यांदाच विसरला. "मला एक सांगायचं होतं..."

तिला कळलं. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या तिलाच जाणवल्या. तरी तिने मान हलवली.

"आत्ता नको. माझी सही तुमच्या जोडांवर होते. उद्या कुणी म्हणायला नको की मॅडमनी डोळेझाक केली. तुमच्या कामालाही डाग लागेल."

त्याने पावसाकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "मग कधी?"

"शेवटचा रिपोर्ट दिला की."

"आणि तोवर मी काय करू?"

"जोड चांगले करा," ती म्हणाली.

तो मोठ्याने हसला, आणि तिला वाटलं, हा थांबेल.

दसऱ्याच्या आसपास वाचनालयाचे गर्डर तपासायला आले. वाचनाचं दालन मोठं होतं. मध्ये एकही खांब नको, मुलांना मोकळं वाटावं, अशी अजिंक्यची कल्पना. त्यासाठी शेडमधले सगळ्यात लांब गर्डर त्याने राखून ठेवले होते. ज्यांच्यावरून कधीकाळी कंपनीची क्रेन फिरायची, तेच. घासून-पुसून ते नव्यासारखे दिसत होते.

विजयश्रीने प्रोब ठेवला आणि पडद्यावर नको तिथे रेष उठली. तिने ती जागा पुसली, पुन्हा जेल लावलं, उलट्या बाजूने पाहिलं. रेष तिथेच होती. लोखंडाच्या पोटात, जाडीच्या अगदी मध्ये, फट होती. घडवतानाच राहिलेली, बाहेरून कुणालाही न दिसणारी. दुसऱ्या गर्डरमध्येही ती निघाली. तिसऱ्यातही. तिने अजिंक्यला हाक मारली. त्याने पडदा स्वतः पाहिला आणि शेजारच्या लाकडी ओंडक्यावर बसला.

दादासाहेब आले ते चिडूनच. माणूस वाईट नव्हता, पण काम रखडलं की त्यांना धीर नसायचा. ज्या गर्डरांनी इतकी वर्षं क्रेन पेलली त्यांना पोरं आणि पुस्तकं काय जड आहेत, असं त्यांचं म्हणणं. अजिंक्यला बाजूला घेऊन ते म्हणाले की मॅडम तुझं ऐकतील, जरा बोलून बघ. गर्डरच्या पलीकडे उभ्या असलेल्या विजयश्रीला हे सगळं ऐकू येत होतं.

"मी त्यांच्याशी यावर एक शब्दही बोलणार नाही, दादासाहेब," अजिंक्य म्हणाला.

थोड्या वेळाने तो तिच्याकडे आला. चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. "जे दिसलं तेच लिहा. माझा विचार करू नका."

"तुमचाच विचार येतोय," ती म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

तिने जे दिसलं तेच लिहिलं. काम थांबलं. विद्यापीठाच्या समितीत कुजबुज सुरू झाली की जुनं लोखंड घ्यायलाच नको होतं, सगळंच भंगारात द्या. दादासाहेबांनी अजिंक्यला या कामावरून काढून एका गोदामाच्या शेडवर पाठवलं. त्याने जाताना तिला कुठलाही दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती इंदुताईंकडे गेली. जुन्या वाचनालयात आजही मुलं भिंतीला टेकून उभी होती. तिने सांगितलं की नवं दालन माझ्यामुळे अडलंय, आणि ज्याने ते मनात उभं केलं त्याचं कामही गेलंय. ज्या जागेने मला शिकवलं तिचंच मी वाटोळं केलं असं वाटतंय, असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

इंदुताईंनी पुस्तकांवरचा हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "माझ्या खुर्चीवर बसून तू हेच शिकलीस ना? मग नीट शिकलीस म्हणायचं. आणि तो मुलगा... रागावलाय का तुझ्यावर?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

दोन-चार दिवसांनी दुपारी अजिंक्यचा फोन आला. गोदामाच्या कामातून वेळ काढून तो यार्डात गेला होता आणि नापास गर्डरांपैकी एक त्याने तिने खूण केलेल्या जागी कापून घेतला होता. पलीकडून यार्डातले आवाज येत होते.

"तुकडा हातात घेऊन बसलोय," तो म्हणाला. "पदर सुटलेत त्याचे. पोळीचे सुटतात तसे. बोट घातलं की..." तो थांबला. "विजयश्री, याच्याखाली पोरं वाचत बसली असती."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"थँक यू म्हणायला फोन केला होता. पण ते फार छोटं वाटतंय."

"म्हणा तरी," ती म्हणाली.

त्याने म्हटलं. फोन ठेवल्यावर ती लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन मनसोक्त रडली, आणि वर आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं.

तो तुकडा घेऊन अजिंक्य समितीपुढे गेला. आपल्याच कल्पनेतला दोष त्याने आपल्या हाताने टेबलावर ठेवला. तपासलं म्हणून हा सापडला, त्याने सांगितलं, आणि त्याच तपासणीत उरलेलं लोखंड ठणठणीत निघालंय. दालनाला नवे गर्डर घेऊ. जुन्यातला चांगला भाग कापून वर्गांच्या छोट्या छतांना वापरू. पण एकाच्या दोषापायी सगळ्यांना भंगारात नका घालू. समितीने विजयश्रीला विचारलं की उरलेल्यावर तुम्ही सही कराल का. प्रत्येक तुकडा पुन्हा तपासेन आणि पास होईल त्यावरच करेन, ती म्हणाली. कुणाच्या सांगण्यावरून नाही आणि कुणाच्या भीतीनेही नाही. दादासाहेबांनी तो तुकडा उचलून हातात घेऊन पाहिला. बैठक संपल्यावर त्यांनी अजिंक्यच्या खांद्यावर हात ठेवला आणि सोमवारपासून परत ये म्हणाले. मग विजयश्रीपाशी येऊन त्यांनी नुसते हात जोडले.

हिवाळाभर सांगाडा उभा राहत गेला. शेजारच्या इमारतीत तास चालू असत आणि इकडे क्रेन खांब उचलत असे. मुलं सुट्टीत कुंपणापाशी येऊन बघायची. दालनावर नवे गर्डर चढले, वर्गांच्या माथ्यावर जुने बसले. ती दोघं बोलायची ती फक्त बोल्टबद्दल आणि जोडांबद्दल. पण एखादा जोड पहिल्या फटक्यात पास झाला की ती नुसती मान डोलवायची, आणि त्याचा पुढचा सगळा दिवस छान जायचा. तिचा वाढदिवस आला तेव्हा त्याने काही दिलं नाही. फक्त त्या दिवशी तपासायला ठेवलेल्या सगळ्या जागा सावलीत येतील आणि मशीनच्या पडद्यावर ऊन चमकणार नाही अशी क्रेन लावून घेतली होती.

उन्हाळा सरता सरता तिने शेवटचा रिपोर्ट विद्यापीठाच्या कचेरीत दिला, पोचपावती घेतली आणि चालत नव्या इमारतीकडे आली. तो पायऱ्यांवर बसला होता. तिला बघून उठला.

"दिला रिपोर्ट," ती म्हणाली.

"सगळे जोड पास?"

"सगळे."

इतके महिने ज्या वाक्यांची उजळणी केली होती त्यांतलं एकही त्याला आठवेना. तिने वाट पाहिली, आणि मग हळूच म्हणाली, "आता बोल ना."

'बोला'ऐवजी ते 'बोल' ऐकून अजिंक्य आणखीच गोंधळला. "म्हणजे... त्या दिवशी तू माझ्या गर्डरांना नाही म्हणालीस... तेव्हा वाटलं, माझ्याशी इतकं खरं कुणीच वागलं नव्हतं. मी तुझा ऋणी आहे, विजयश्री. आयुष्यभर राहीन. आणि मला तू—"

"ऋण-बिण नंतर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "आधी नुसतं ते शेवटचं म्हण."

"मला तू आवडतेस. फार."

"मलाही," ती म्हणाली. "जोड चांगले करणारा माणूस आवडतो मला." मग तिला ते पुरेसं वाटलं नाही. "आणि समजा, तू एकही जोड केला नसतास, तरीही."

जूनमध्ये दालन उघडलं. इंदुताईंची निवृत्ती जवळ आली होती, पण पहिल्या दिवशी दार त्यांनीच उघडलं. मुलं आत शिरली, आणि दालन बघता बघता भरलं. कुणीही उभं नव्हतं. इंदुताईंनी एकदा त्या उंच छताकडे पाहिलं, एकदा दाराशी थांबलेल्या त्या दोघांकडे, आणि पदराने डोळे टिपत आपल्या टेबलाकडे गेल्या.

पुढच्या रविवारी अजिंक्य आईला घेऊन दापोडीला आला. आई, सोजराबाई, पुनावळ्याच्या जुन्या वळणाच्या. नऊवारी नेसून, हातात घरच्या गच्चीत लावलेल्या मेथीची जुडी घेऊन त्या खोलीत आल्या. विजयश्रीच्या आईने पोहे केले होते. उद्धवराव नवा सदरा घालून अवघडून बसले होते. त्यांना वाटत होतं, एकेकाळच्या जमीनजुमलेवाल्या घरची माणसं आपल्या या एका खोलीत काय बघतील. रुळांवरून एक गाडी धडधडत गेली, भांडी वाजली, आणि ती जाईपर्यंत सगळे गप्प बसले. इथे असंच असतं बघा, उद्धवराव ओशाळून म्हणाले.

सोजराबाईंनी बशी खाली ठेवली.

"दादा, आमी आधी आभार मानाया आलोय," त्या म्हणाल्या. "पोरानं समदं सांगितलंय मला. त्याच्या हातनं लेकरांच्या डोक्यावर काय पडायचं व्हतं, ते तुमच्या पोरीनं थांबीवलं. त्याची नोकरी जाईल म्हनून बी ती गप बसली न्हाई. असं सांगनारं मानूस घरात लागतंय." त्यांनी क्षणभर थांबून विजयश्रीकडे पाहिलं. "आता आलोच हाय, तर मागून बी घेतो. द्याल का?"

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझं लेकरू परक्याच्या वाचनालयात बसून शिकलं, ताई," ते म्हणाले. "तिला कुनी कुनी काय काय दिलं, ते मला फेडता येनार न्हाई. म्हनून तिच्यावर मी कधी हक्क सांगत न्हाई. तिलाच विचारा."

सगळे तिच्याकडे बघू लागले. विजयश्रीने अजिंक्यकडे पाहिलं, ओठ उघडले, आणि नेमकी त्याच वेळी मुंबईकडची गाडी आली. खिडकी थरथरली, पंखा हलला, तिचं बोलणं त्या धडधडाटात पार बुडालं. ऐकू कुणालाच आलं नाही. पण अजिंक्यचा चेहरा असा काही उजळला की उद्धवरावांनी पुन्हा चष्मा काढला.

"काय म्हनली रं?" सोजराबाईंनी ओरडून विचारलं.

"हो म्हणाली, आई."

"तुला ऐकू आलं. आमी काय घोडं मारलंय?" त्या म्हणाल्या आणि विजयश्रीचा हात आपल्या हातात घेऊन गाडी जायची वाट बघत बसल्या. शेवटचा डबा गेला. भांडी शांत झाली. "हां, आता म्हन बाई परत."

आणि विजयश्रीने पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.